सामानाजवळ कोणीतरी हवं

रविवार, संध्याकाळ
नाशिक रोड

मनगटावरचा रबरी पट्ट्याचा वळ अजून गेला नाही.

मुलांना घेऊन वॉटर पार्कला गेलो होतो. गेटवर डबा अडवला, म्हणून दशम्या पार्किंगमध्येच उभ्याने खाल्ल्या. लहानपणी तिथं गेलो तेव्हाही अश्शाच खाल्लेल्या! तेव्हा आई दिवसभर पाण्याच्या काठावर, मांडीवर आमचे कपडे घेऊन. पाण्यात बोलावलं की म्हणायची, "सामानाजवळ कोणीतरी हवं ना गं."

तिला यावंसं वाटत असेल का? कधी विचारलंच नाही.

आज तलावात लाटा सोडायचा भोंगा वाजला. लेक ओरडली, "आई, चल ना!"

"तुम्ही जा. सामानाजवळ कोणीतरी हवं ना."

"अगं, सामान लॉकरमध्ये आहे!"

खरंच की. किल्लीचा पट्टा माझ्याच मनगटात होता.