जमिनीचा वाटा

बाबा, काल आईचा फोन आला होता. आपल्या काजूत डुक्कर पडलं आणि जमिनीचा वाटा घरी आला.

लांबण लावलेली तुम्हाला आवडत नसे, म्हणून मुद्द्याचं आधी सांगून टाकलं. तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. मी सध्या ओमानच्या किनाऱ्यावर, दुक्मला आहे. तुमच्या वेळी इथे मासे वाळवणाऱ्यांशिवाय कोणी फिरकत नसे, आता बंदर उभं राहतंय आणि आम्ही एसीवाले पत्र्याच्या केबिनी गार ठेवत हिंडतो. आज शुक्रवार. खोलीतले बाकीचे जेवून झोपलेत, बाहेर वारा वाळू उधळतोय, आणि हे ज्यांना सांगावं असे एकटे तुम्हीच मला सुचताय.

आपल्या गावात पारध झाली की वाटे पडतात. ज्याच्या बारानं जनावर पडलं त्याचा, कुत्रेवाल्यांचा, हाका घालणाऱ्यांचा, आणि ज्याच्या जमिनीत पडलं त्याचा. जमीनवाला घरी लोळत का पडलेला असेना, मांडीचा वाटा त्याच्या दारात पोचतो. आपल्याला वीतभर जमीन नव्हती. बंदूक मिळायची तीही पिकाच्या राखणीसाठी, म्हणजे जमीनवाल्यालाच. त्यामुळे बंदूकवाले खाली पायवाटेवर दबा धरून बसायचे आणि तुम्ही रानाच्या वरच्या अंगानं डबा बडवत, ओरडत, काट्याकुट्यातून त्यांच्याकडे उतरायचात. संध्याकाळी पानात बांधलेल्या बरगड्या घेऊन घरी यायचात, घसा बसलेला, पोटऱ्या ओरबाडलेल्या. मी एकदा विचारलं, आपल्याला मांडी का नाही? आई चुलीपुढे वाढत होती. "जमनीचो वाटो मागूक जमीन लागता," तुम्ही म्हणालात. "तू हाडां चोख." तुमच्या आवाजात कसलंही रडगाणं नव्हतं. राग आला तो मला, आणि तो मी पुढे नीट सांभाळून ठेवला.

मग नव्वदीच्या सुरुवातीला तुम्ही मस्कतला आलात, कंपनीच्या मेसमध्ये आचारी म्हणून. मागोमाग मला बोलावून घेतलंत. दार्सैतच्या त्या खोलीत आपण दोघं आणि वसईचे दोन सुतार. त्यातलं सगळं काही आठवत नाही, पण अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, मळ्यावरची संध्याकाळ मला कालच्यासारखी दिसते. बरका गावाच्या पुढे त्याचा तो मळा, खजूर, लिंबं, लसूणघास आणि कडेला टरबुजं. कोल्हे टरबुजं फोडायचे म्हणून अर्बाब चटई टाकून कॉफी पीत बसलाय, मांडीवर जुनी बंदूक. शुक्रवारी सगळ्यांसाठी बकरा कापायचा होता, त्यासाठी तुम्हाला आणलेलं, आणि मी आपला शेपटासारखा मागे. अर्बाबला वाटलं आचाऱ्याची जरा गंमत करावी. कुणाही कामगाराला मारतात तशी रफीक म्हणून हाक मारत त्यानं बंदूक पुढे केली.

"पकडो रफीक. आज तुम मारो."

तुम्ही दोन्ही हात पाठीमागे नेले. "नहीं अर्बाब. मेरा काम आवाज करना."

आणि तुपाचा रिकामा डबा उचलून तुम्ही तरातरा मळ्याच्या पार त्या टोकाला गेलात. तिथून जी हाक उठली! बाबा, तशी हाक मी गावातही ऐकली नव्हती. ओमानच्या कोल्ह्याला मालवणी शिव्या हासडत तुम्ही डबा बडवत येताय, बकऱ्या उधळल्यात, बलुची माळी घाबरून विहिरीमागे, आणि खरोखर एक कोल्हा लसूणघासातून उडी मारून बाहेर. अर्बाब इतका हसत होता की त्याची बंदूक खालीच राहिली. कोल्हा भिंतीवरून पसार. "खलास!" म्हणत त्यानं डोळे पुसले.

खरी पंचाईत पुढे झाली. जेवायला मोठं तबक मध्ये आलं, भातावर अख्खा बकरा. तुम्ही मांडी सोडवून अर्बाबपुढे ठेवलीत. "जमीन आपका." त्यांच्याकडे रीत अशी की सगळ्यात चांगला तुकडा पाहुण्यापुढे सरकवायचा. त्यानं ती मांडी तुमच्याकडे सरकवली. तुम्ही परत त्याच्याकडे. त्यानं परत तुमच्याकडे. दोघेही हट्टाला पेटलेले, सगळे घास हातात धरून बघताहेत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. शेवटी त्यानं "वल्ला" म्हणून शपथच घातली, तेव्हा तुम्ही खाल्लीत. परतताना पिकअपच्या मागच्या बाजूला बसून मी विचारलं, कशी होती? "मऊ होती," तुम्ही म्हणालात, "पण ती तेंची." मला राहवलं नाही. म्हटलं, आपण जमीन घेऊ, बंदूक घेऊ, मग बघू कोण आपल्याला बरगड्या देतो. तुम्ही असं फटकारलंत की मी मान वर केली नाही. "शिकारीसाठी जमीन घेवची नाय. पिकता ती जमीन. डुकरां काय, आपसूक येतत."

तुम्ही गेल्यावर मी घेतलीच. व्हाळाच्या पात्राच्या वरची ती उतरण, जिथून तुम्ही हाका घालत उतरायचात तीच. शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं आणि परदेशात नोकरी करणाऱ्याला ती घेता येत नाही, असं तलाठ्यानं सांगितल्यावर माझा चेहरा उतरला. पण आईचं नाव तिच्या माहेरच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर लागलेलं. गावात होतात तोवर लोकांच्या मातीत राबलात तुम्ही, आणि घरात शेतकरी निघाली ती! तुम्ही असतात तर तिनं तुम्हाला रोज टोमणा मारला असता. जमीन तिच्या नावावर झाली. काजू लावले, मधल्या मोकळ्या जागेत सुरण. आणि इथले मळे बघून बघून माझी अक्कल अशी चालली की मी चारी बाजूंनी जाळीचं कुंपण घालून घेतलं. काजू झकास आले, सुरण विकला गेला. पारध मात्र आमच्या कुंपणाला वळसा घालून जायला लागली. पारधीतले लोक आईशी बोलेनासे झाले, कारण तिथून त्यांची पिढीजात वाट. दर रजेत मी वाट बघत बसायचो आणि वाटा शेजाऱ्याकडे जायचा. "कुंपण घातलंस," आई म्हणाली, "आता वाटो खंयसून येतलो?"

गेल्या रजेत मी व्हाळाकडची जाळी स्वतः काढली. डुकरांनी सुरणाची पार वाट लावली, लावू दे. काजू उभे आहेत. नासाडीचा अर्ज केला, वनखात्याची परवानगी आली, पारध पुन्हा जुन्या वाटेनं उतरली, आणि परवा डुक्कर पडलं.

फोनवर मी तिला बजावून सांगितलं, कुणाला देऊ नको, अख्खी मांडी घरात शिजव. तिनं तोवर शिजवलीही होती. तुमचं ताट मांडलं, मग आपण जेवली. कशी झाली, मी विचारलं. ती म्हणाली, "मऊ होती रे. पण बरगडीचां हाडूक नाय. चोखतलंय काय?" आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. फोन ठेवला तिनंच.

मी माघार घेणारा नाही. आईच्या नावानं बंदुकीच्या परवान्याचा अर्ज गेलाय, पुढच्या रजेत आपल्या जमिनीत, आपल्या काजूखाली मी बसणार. कुठे बसायचं ते झाडही ठरवून ठेवलंय. इथे बिछान्यावर पडलो की डोळे मिटून मी त्या झाडाखाली बसतो, बंदूक खांद्याला लावतो, उतरणीवर नेम धरतो. झुडपं हलायला लागतात. पण बाबा, वरून डबा वाजतो आणि तुमची हाक खाली खाली माझ्याकडेच यायला लागते. मग मी बंदूक खाली ठेवतो. रोज ठेवतो. आईला हे अजून सांगितलेलं नाही.