सव्वीस ध्वनिफिती, करुणाबाईंच्या स्वाधीन

माझ्या निवृत्तीच्या वेळी, १९९४ साली, माझे विद्यार्थी संपत थोरात यांनी काढलेल्या स्मरणिकेत पृष्ठ सातवर असे छापले आहे की, मुलांना घरच्या बोलीतून वाचायला शिकवण्याचा प्रयोग कोळपे गुरुजींनी शोधून काढला. हे विधान खोटे आहे. तो प्रयोग माझा नव्हता. मी त्याला विरोध केला होता. एवढी दुरुस्ती केल्याशिवाय मालमत्तेविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आता रीतसर लिहितो. मी, तुळशीराम भैरू कोळपे, वय ७० (दाखल्याप्रमाणे), निवृत्त मुख्याध्यापक, राहणार राहू, तालुका दौंड, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. स्मृती शाबूत आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते.

कलम १. राहते घर व विहिरीलगतची जमीन चिरंजीव हौसराव यास द्यावी. बँकेतील ठेव शिरूरला दिलेली कन्या सुरेखा हिला द्यावी. तिच्या आईची, कै. शेवंताबाईंची, तीच इच्छा होती.

कलम २. माझ्या शब्दकोशाचा दुसरा खंड सहकारी मारुतराव शितोळे यांनी १९८७ साली दोन दिवसांसाठी नेला. पहिला खंडही त्यांनाच द्यावा. निदान तेथे तरी जोडी पूर्ण होईल.

कलम ३. हे कलम लांब आहे. वाचताना गाळू नये.

श्रीमती करुणा ओव्हाळ १९९१ साली आमच्या दोनशिक्षकी शाळेत रुजू झाल्या. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण चूक शाळेची नव्हती. पहिलीच्या वर्गात बाई मुलांना बोलते करीत, त्यांचे वाक्य जसेच्या तसे पाठकोऱ्या कागदावर लिहीत आणि तेच त्यांना वाचायला देत. दिवाळीनंतर त्याच वाक्यासमोर पुस्तकी वाक्य येई. मुलांचे बोलणे टिपण्यासाठी त्यांनी पदरमोड करून टेपरेकॉर्डर घेतला होता. मी लॉगबुकात शेरा मारला, 'वर्गात अशुद्ध भाषा शिकविली जाते.' बाईंनी वाचून खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी तेच पुढे चालू ठेवले. दुसऱ्या वर्षाअखेर अडतीसपैकी चौतीस मुले न शिकवलेला धडा वाचू लागली. इतक्या वर्षांत मला हे कधी साधले नव्हते.

पुढे शिक्षकांच्या संशोधन अहवालांची स्पर्धा निघाली. बाईंच्या वह्यांवरून अहवाल मी लिहून काढला. प्रथम पृष्ठावर दोघांची नावे होती. छापताना माझे एकट्याचे राहिले. दुसऱ्याच्या लेखातील स्वल्पविराम हलला तरी संपादकांना पत्र धाडणारा मी, या वेळी गप्प बसलो. बाईंनी बदली मागून घेतली. फिती माझ्याकडेच राहिल्या.

त्याहून मोठी चूक मला अकरा वर्षांनी कळली. २००४ साली पुण्याच्या एका संस्थेने फिती व त्यांची लिखित नोंद अभ्यासासाठी मागवली. पाठवण्यापूर्वी पडताळावे म्हणून पहिली फीत लावली आणि अहवाल समोर धरला. फितीवर सहा वर्षांची नकुशी सांगत होती, "मेंढरं पान्यावं गेली, आन् आय म्हनली, तू साळंत जा." अहवालात होते, 'मेंढ्या पाण्यावर गेल्या आणि आई म्हणाली, तू शाळेत जा.' प्रत्येक मुलाचे प्रत्येक वाक्य मी असेच धुऊन ठेवले होते. ज्या बोलीचा अभ्यास, तिचा शब्दही अहवालात उरला नव्हता. परीक्षकांनी मला भाषाशैलीबद्दल विशेष पारितोषिक दिले होते.

मी यंत्र थांबवले. माझी आई गिताबाई मला हेच, अगदी याच शब्दांत सांगत असे. दप्तर काखेत मारून मी निघे. मेंढरांमागे जाणारा तिचा हिरवा पदर वळणापर्यंत दिसे. वर्गात मी तोंड उघडले की मास्तर हसत, म्हणून ते शब्द मी आठव्या वर्षी टाकले. नंतर आईशीही पुस्तकी बोलू लागलो. ती उत्तर देताना थोडी थांबे, परक्याशी बोलल्यासारखी.

कोरेगाव भीमाला बाईंच्या घरी गेलो. पुढील मुद्रणात तुमचे नाव घालतो, असे म्हणालो. त्यांनी चहा ठेवला, मग म्हणाल्या, "नावाचं मागनं बघू, गुरुजी. पोरं जे बोलली ते तुम्ही पुसलंत. ते परत लिहा. तुम्हीच."

मी विचारले, तपासणार कोण?

"मी हाय की. लाल शाई घेऊन ठेवते."

तेव्हापासून मी ऐकतो, लिहितो आणि वही कोरेगावला पोहोचवतो. सवयीने हात शुद्ध लिहून जातो. पहिल्या वहीत एकशे चौदा लाल खुणा होत्या, सतरावीत तीन. हौसराव म्हणतो, "आबा, ह्या कॅशेटी ऐकून म्हस आटंल." म्हैस आटलेली नाही. फिती मात्र विरत चालल्या आहेत आणि माझा कानही.

म्हणून सर्व सव्वीस ध्वनिफिती, यंत्र, लिहिलेल्या सतरा वह्या व कोऱ्या नऊ वह्या श्रीमती करुणा ओव्हाळ यांच्या स्वाधीन कराव्यात. संस्थेला काय व केव्हा द्यायचे, हे त्या ठरवतील. माझी लिखित नोंद त्यांच्या सहीशिवाय कोणी वापरू नये. हौसरावाने फितींवर भजने भरू नयेत. उरलेल्या फिती करुणाबाईंनी कोणाकडूनही लिहून घ्याव्यात. अट एकच, लिहिणारा माझ्याइतका शुद्ध नसावा.

वरील मजकुरावर साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले व मीही त्यांना पाहिले.

तुळशीराम भैरू कोळपे (सही)

साक्षीदार: १. संपत थोरात (स्मरणिकेचे संपादक, पृष्ठ सात मागे घेतात). २. पार्वतीबाई खताळ, शेजारी.

राहू, ११ मार्च २००७.

जोडपत्र: स्मरणिकेतील तारखांची दुरुस्ती

माझा जन्म: छापील १ जून १९३६. ती शाळेने सोयीने घातलेली. आईच्या सांगण्याप्रमाणे मेंढरांचा तळ इनामगावी घोड नदीकाठी होता आणि ज्वारी हुरड्यात होती.

प्रयोगाचा प्रारंभ: छापील १९९०. वस्तुतः १ जुलै १९९१, सोमवार. करुणाबाईंनी केला.

माझा शेरा: स्मरणिकेत नाही. ९ सप्टेंबर १९९१.

बाईंची बदली: छापील 'स्वेच्छेने, १९९२'. वस्तुतः ऑगस्ट १९९३, अहवाल छापून आल्यानंतर.

अहवाल पूर्ण: छापील १२ एप्रिल १९९३. अहवाल अद्याप पूर्ण झालेला नाही.