नळीतली पेज

आई, मला झोप न्हाय, म्हून तुला लिवतीय. डोळं मिटलं की लेकीच्या नाकातल्या नळीत तुंबलेली पेज दिसती. ती मीच घातलेली.

तुझी नात तू बघितलीच न्हाईस, त्याच्या आधीच गेलीस. आता साळंला जाती. अंघुळीचं उकळतं पाणी सांडलं आंगावर, छातीपास्नं मांडीपर्यंत भाजली. सोलापुरात मोठ्या दवाखान्यात हाय, खाणं नळीनंच देत्यात. खाण्याचं बघणारी मॅडम म्हणली, "तिचं शरीर किती जाळतंय ते श्वासावरनं मोजायचंय. डोक्यावर प्लास्टिकचा टोप ठेवू, दुखत नाही. पण मोजेपर्यंत पोट रिकामं पाहिजे हं, ताई." उपाशी लेकरू कसं बघवंल? ल्हानपणी मंगळवेढ्याला मला कावीळ झालती ते अजून दिसतंय, तू चुलीपुढं मला मांडीवर घेतीयास, ज्वारीची पेज फुंकून पाजतीयास. मी तोंड फिरवलं की म्हणतीस, "गिळ गं भवाने, पोटात गेलं की उठशील." उठले की मी. म्हून सिस्टर तिकडं गेल्यावर डब्यातली पेज मी सिरिंजनं नळीत ढकलली. ती आत घट्ट झाली, पोरगी वकाया लागली. सिस्टर धावत आली, "अहो, मारताय का तिला?" मोजणी ऱ्हायली. नवी नळी घालताना पोरगी माझ्याकडंच बघत हुती.

आज मोजलं. टोपात गप पडून हुती, नुसती धाप. मॅडमनं मशिनीवरचं आकडं उतरून घेतलं. मग म्हणली, "झोपलीय, पण आतून पळतीय. आपण देतोय त्यापेक्षा खूप जास्त लागतंय तिला. मिळत नाही म्हणून शरीर स्वतःचंच मांस खातंय."

"मग वाढवा की."

"वाढवलं, ताई. पोटात ठरत नाही."

डॉक्टर सायेब आधी माझ्याशी बोलायचे. आज खाटंच्या पायाकडनंच बघून गेले. पोरीचा हात धरला तर हाडच लागतंय. आई, मी तुझ्या पेजंनं वाचलते, का आपसूकच बरी झालते? कुणाला इचारू?

दादाला मी सांगितलंय, जरासं भाजलंय, येऊ नगंस. आता फोन लावते तर तोंड उघडत न्हाय. ह्यो कागद ज्याला घावंल त्यानं माझ्या भावाला फोन करा. मोबाईल माझ्याकडनं मागून घ्या, मी हितं खाटंलाच टेकून हाय, 'दादा' म्हून नंबर हाय. म्हणावं, आजच निघ. उद्या नगं.