पाच नंबरच्या जर्सीतला निनावी

३ मार्च, रविवार

क्लाईव्हनं परत नाही म्हटलं! तिसऱ्यांदा!

"ग्लेनिस, मी नुसत्या शब्दावर नंबर देत नाही. पुरावा आण." — हे मला! शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून बाहीला शेंबूड पुसायचा, तो आता थॉर्नशॉ रग्बी क्लबचा इतिहासकार! गळ्यात चष्मा, हातात फाईल. जसा काही हायकोर्टाचा जज्जच.

क्लबला सव्वाशे वर्षं झाली म्हणून पहिल्या सामन्यापासून आजवर पहिल्या संघातून खेळलेल्या प्रत्येकाला नंबर दिलेत. एकदाच खेळला असला तरी नंबर. तो कायमचा, मेल्यावरही त्याचाच. जे हयात आहेत त्यांना ४ मे रोजी मैदानावर बोलावून मानाची टोपी देणार. बाबांना नाही. का, तर त्यांचं नाव कुठेच नाही!

अरे, नाव नसणारच ना! नाव लपवूनच तर खेळले!

१३ ऑक्टोबर १९५६. केल्डर्बीविरुद्ध. डावीकडे, पाच नंबरची जर्सी. कोपऱ्यात एक ट्राय, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला. छापील यादीत पाचासमोर लिहिलंय — 'ए. एन. अदर'. म्हणजे कुणीतरी. वेल्समधून गुपचूप चाचणीला आलेल्या सगळ्यांचं हेच नाव असायचं. तिकडे पंधराजणांचं युनियन रग्बी खेळणाऱ्यानं इकडे येऊन आमच्या तेराजणांच्या लीगमध्ये एकदा जरी पाय टाकला की जन्माची बंदी. खेळायची तर बंदीच, पण स्वतःच्या गावच्या क्लबात उभं राहून ग्लासभर बिअर प्यायचीही बंदी. खेळापायी कामगाराचा बुडालेला रोज भरून द्यायचा की नाही, एवढ्या भांडणावरून १८९५ साली एका खेळाची दोन घरं झाली. मग धाकट्या घरी जेवलात की थोरल्या घराचं दार बंद.

आणि नाव इतकं छान लपवलं की आता क्लबलाच सापडत नाही! "तीन घरं सांगतात, तो ए. एन. अदर आमचा," क्लाईव्ह म्हणतो. "कुणाला देऊ?"

बाबा ९१ चे. हृदयाचं आता काही खरं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हाळा बघतील, पुढचं विचारू नका.

नऊ आठवडे आहेत.

५ मार्च

वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन त्या सामन्याचा जुना फोटो शोधून काढवला. तेरा माणसं आणि तेरा जणांवर चिखल. पाच नंबरची पाठ दिसते. पाठच!

९ मार्च

बाबांकडे, वृद्धाश्रमात. खिमा भरलेली पाई नेली होती. वरचं कव्हर खाल्लं, खिमा बाजूला सारला. पण ट्रायची गोष्ट निघाली आणि खुर्चीत ताठ बसले.

"त्यांचा फुलबॅक, अगदी मागे राखणारा, म्हणजे दांडगा रेडा. मला वाटलं, हा आता मला उचलून स्टँडात फेकतो."

"मग?"

"मग काय! मी आत वळतोय असं दाखवलं. तो वळला. मी नाही वळलो!"

हजारदा ऐकलंय. तरी हसू येतं मेलं.

मग नेहमीचं दुसरं पालुपद. कुणीतरी निनावी पत्र पाठवून गावाला कळवलं. गावच्या युनियन क्लबचा अध्यक्ष कोण? बाबांचे स्वतःचे वडील! पोटच्या पोराच्या बंदीवर त्यांना सही करावी लागली. परतीची वाटच बंद झाली. बाबा इथे राहिले. पुढच्याच आठवड्यात राखीव संघाकडून खेळताना गुडघा गेला, तो कायमचा. मग गालिच्याच्या गिरणीत चाळीस वर्षं. पण चाचणीला आल्यापासून ज्यांच्या घरी खोली घेऊन राहायचे त्यांच्या मुलीशी लग्न झालं. ती माझी आई, विनी. म्हणजे सगळंच काही वाईट झालं नाही.

दर नाताळला वेल्सची चुलत मंडळी जमली की बाबा टेबलावर मूठ आपटायचे. "तो चहाडखोर मला एकदा भेटू दे! त्याच्या नरड्याचा घोट घेतो!" आई लगेच उठून स्वयंपाकघरात जायची. तिला ते सहन व्हायचं नाही. बिचारी.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. आज मूठ आपटली, पण चहाचा कपही हलला नाही.

१२ मार्च

डोक्यात प्रकाश पडला! बंदी घातली म्हणजे कागद असणार. वेल्सच्या क्लबच्या सेक्रेटरीला पत्र टाकलं. खुशीत बाबांना सांगितलं, तर ते भडकलेच.

"तिकडे कशाला विचारलंस? कुणी सांगितलं होतं तुला नसत्या उचापती करायला?"

"बाबा, तुमच्याच नंबरसाठी—"

"मला काही नको तो नंबर!"

आणि तोंड भिंतीकडे! दोन वर्षं माझं डोकं खाल्लंय या नंबरसाठी! जुनी जखम असेल. माझंच चुकलं, हळू सांगायला हवं होतं.

२० मार्च

कॅरिस पहिल्या संघात!! माझी नात, एकोणीस वर्षांची, खांदे असे की दारातून तिरकी येते. महिला संघाचा या मोसमातला पहिला घरचा सामना ४ मेलाच, पुरुषांच्या आधी. आणि बायकांनाही यंदापासून नंबर!

क्लाईव्ह तिथेच होता. त्याचं रडगाणं सुरू — पोरं आता खेळत नाहीत, मोठे क्लब सगळं गिळणार, वीस वर्षांनी या मैदानावर दुकान उभं राहील.

कॅरिस बुटाचा चिखल काढत होती. वर न बघता म्हणाली, "क्लाईव्हकाका, तुम्ही मागचं सांभाळा. पुढचं आम्ही बघतो."

मी मनात शिट्टी मारली. आमच्या वेळी पोरींना मैदानावर जागा एकच, चहाच्या खिडकीमागे. आई तिथेच होती, मीही तीस वर्षं तिथेच. आता आमच्या घरची पोर आत जाणार आहे. येऊ दे केल्डर्बीच्या बायकांना!

२८ मार्च, गुरुवार

आलं! वेल्सहून पाकीट आलं! दारातच फाडलं.

सेक्रेटरी म्हणजे नेरिस नावाची एक मुलगी. लिहिते — 'त्या बंदीची आज आम्हाला लाज वाटते. जुन्या इतिवृत्ताच्या वहीत मूळ पत्र टाचलेलं होतं. ते तुमचंच आहे, ठेवून घ्या.' सोबत ठरावाची प्रत. खाली सही, आजोबांची.

आणि ते पत्र. १५ ऑक्टोबर १९५६, थॉर्नशॉ.

'महाशय, गेल्या शनिवारी थॉर्नशॉकडून डावीकडे पाच नंबरची जर्सी घालून जो ए. एन. अदर खेळला, तो तुमच्या गावचा एमलिन प्रॉबर्ट. त्याने कोपऱ्यात ट्राय केला, आणि चांगला केला. नियम तुम्हाला ठाऊक आहेच. — एक हितचिंतक.'

दिवस, बाजू, नंबर, नाव! क्लाईव्ह, घे पुरावा! मी भर रस्त्यात नाचले. समोरच्या घरातल्या बाईनं पडदा सरकवून पाहिलं. बघू दे!

मग आत येऊन चष्मा लावला आणि पत्र नीट वाचलं.

हे अक्षर मी कुठेतरी पाहिलंय.

२९ मार्च

केकच्या पाककृतींची वही काढली. ते पत्र शेजारी ठेवलं.

आईचं अक्षर.

३१ मार्च

दोन दिवस भांडी आपटते आहे. कॅरिस म्हणाली, "आजी, काय झालंय?" म्हटलं, पाठ दुखतेय.

विनीबाई, काय केलंत हे! मुलगा आवडला म्हणून त्याचं घर तोडायचं? बापलेकांची ताटातूट करायची? आजोबांच्या मयतीला बाबा गेले तर चर्चच्या दारापाशी उभे राहिले, आत कुणी बोलावलं नाही म्हणून. आठ वर्षांची होते, मी त्यांचा हात धरला होता. आणि तू दुसऱ्या बाजूला उभी होतीस, आई! नाताळला मूठ आपटली की उठून जायचीस ते याच्यासाठी! तोंड लपवायला!

आणि तरीही — तू पत्र लिहिलं नसतंस तर ते परत गेले असते. मग मी कुठली? कॅरिस कुठली? रागवायचं तरी कसं, काही कळत नाही. तरी रागावलेच आहे.

४ एप्रिल

पत्र क्लाईव्हला दिलं तर नंबर मिळतो. पण तो ते काचेच्या कपाटात लावणार आणि बाबा बघणार. नाही दिलं तर बाबा ए. एन. अदर म्हणूनच जाणार.

चुलीत टाकावं असं एकदा वाटलं. खोटं कशाला लिहू, दोनदा वाटलं.

८ एप्रिल

दिलं.

क्लाईव्हनं भिंग लावून दहा मिनिटं वाचलं. मग चष्मा काढून डोळे पुसले, शेंबड्यानं! "ग्लेनिस, पाचशे सत्त्याऐंशी. तुझ्या बाबांचा नंबर पाचशे सत्त्याऐंशी." मी त्याला मिठी मारली. उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं.

एक अट घातली. पत्र मला परत द्यायचं, कपाटात लावायचं नाही, आणि बाबांनी विचारलं तर म्हणायचं, ठराव मिळाला, पत्र हरवलं. त्यानं कारण विचारलं नाही. चहाच्या खिडकीपाशी तोही आईच्या हातचं खाऊन वाढलाय. अक्षर ओळखलं असेल का? असेल.

९ एप्रिल

बाबांना सांगितलं. डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "पाचशे सत्त्याऐंशी." मग पुन्हा. मग नर्सला बोलावून तिलाही. जेवण वाढणाऱ्या बाईलाही. "आणि पत्र?" त्यांनी विचारलं. "हरवलं म्हणे," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

४ मे, शनिवार

काय लिहू आणि किती लिहू!

आधी पोरींचा सामना. शेवटचं मिनिट, आम्ही २२, केल्डर्बी १८. त्यांचा सहावा टॅकल, म्हणजे शेवटची संधी. त्यांची ती उंच मुलगी आमच्या कोपऱ्याकडे सुटली. आत वळल्यासारखं केलं — आणि कॅरिस वळली नाही! थेट अंगावर गेली, रेषेच्या वीतभर अलीकडे तिला उचलून बाहेर काढली! मी इतकी ओरडले की आता आवाज नाही. जिंकलो! महिला संघाच्या यादीत कॅरिस सातवी. कायमची!

"ती चाल कुठे शिकलीस गं?" बाबांनी विचारलं.

"लहानपणापासून तुमचा ट्राय ऐकतेय, पणजोबा! तो फुलबॅक कुठे चुकला ते मला पाठ आहे."

मग टोप्या. चाकाच्या खुर्चीत बसून आत जायला बाबांनी साफ नकार दिला. "आलो होतो तेव्हा चालत आलो होतो!" एका बाजूला कॅरिस, अंगावर चिखल तसाच. दुसऱ्या बाजूला मी. पावलापावलानं. भोंग्यावर क्लाईव्हचा आवाज — "पाचशे सत्त्याऐंशी. अडुसष्ट वर्षं आपण यांना ए. एन. अदर म्हणत होतो. चुकलो. यांचं नाव एमलिन प्रॉबर्ट!"

सगळं मैदान उभं राहिलं. केल्डर्बीवालेसुद्धा! वेल्सहून नेरिस आली होती, त्यांच्या क्लबचा टाय घेऊन. तिनं तो सगळ्यांदेखत बाबांच्या गळ्यात बांधला आणि म्हणाली, "आमचं दार उघडं आहे, मिस्टर प्रॉबर्ट. कधीही या." इकडची टोपी, तिकडचा टाय! दोन्ही घरं एका माणसाच्या अंगावर!

परत फिरायच्या आधी बाबांनी आम्हाला डाव्या कोपऱ्याकडे ओढलं. काठीनं गवतावर टोचून दाखवलं. "इथे." मी रडले. रडले तर रडले.

५ मे, रविवार

बाबा टोपी घालूनच नाश्त्याला बसले होते. हात पुढे केला. "आण ते पत्र. तुला खोटं बोलता येत नाही." पर्समध्येच होतं. दिलं. म्हटलं, "बाबा, आईवर रागावू नका हो."

वाचलं. आणि हसायला लागले! खोकला येईपर्यंत.

"घरी परत जायचं नव्हतं मला, पोरी. आणि ते बापाला तोंडावर सांगायची छाती नव्हती. अक्षर तिचं, मजकूर माझा."

"मग इतकी वर्षं शिव्या कुणाला घालत होता?"

"मलाच! आणि तुझी आई आत जाऊन हसायची." टोपी काढून मांडीवर ठेवली. पत्रावरून एक बोट फिरवलं, एका जागी थांबवलं. "फक्त हे 'चांगला केला' आहे ना, ते तिनं आपल्या मनानं घातलं. मी नको म्हणत होतो."