ॲडजस्ट करा, बाई!

३ जून २०११, चिखली

पुन्हा तेच! काळीपिवळीत मागच्या सीटवर आधीच चार बायका कोंबलेल्या, आणि ड्रायव्हर मला म्हणतो, "बाई, जरासं ॲडजस्ट करा." मी तसूभरही सरकले नाही. बुलढाणा येईपर्यंत सगळ्या डोळे वटारून बघत होत्या. बघोत.

वीस वर्षं इंग्रजी शिकवते. एवढ्या मोठ्या भाषेतून या लोकांनी उचललं काय, तर हे क्रियापद!

५ जून

शब्दकोश काढला. मूळ लॅटिन. अर्थ — जवळ आणणे. फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेलं. इंग्रज घड्याळ ॲडजस्ट करतो, चष्मा करतो, नव्या गावात स्वतःलाही करतो. आपल्याकडे ते कायम समोरच्याला सांगायचं! सासूने सुनेला, कंडक्टरने म्हातारीला. "मी ॲडजस्ट करतो" म्हणणारा पुरुष अजून माझ्या पाहण्यात नाही.

९ जून

माणिकराव सर महिनाअखेर निवृत्त. मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने माझं. माझ्यामागे गणिताच्या सायराबाई. तिसरा नंबर संस्थाध्यक्ष भगवानरावांच्या सुनेचा — जिला फळ्यावर रेघ सरळ ओढता येत नाही. आम्ही दोघींनी 'पद नको' असं लिहून दिलं, तरच तिला खुर्ची.

आज भगवानरावांनी बोलावलं, तेही त्यांच्या बियाण्याच्या दुकानात. बाहेर ही रांग! यंदा सगळ्यांना कपाशीचं एकच बीटी वाण पाहिजे, आणि नेमका त्याचाच तुटवडा. म्हणून लिंकिंग — हवं ते पाकीट पाहिजे असेल तर सोबत कोणी घेत नाही ते पाकीटही घ्या. कोणी कुरकुरला की नोकर म्हणतो, "ॲडजस्ट करा न भाऊ."

भगवानरावांनी मला पेढा दिला. "बाई, तुमाले काय कमी हाय? आमच्या सूनबाईले एक चान्स द्या. ॲडजस्ट करून घ्या." म्हणजे शाळाही लिंकिंगवर! पेढा टेबलावर ठेवून उठले.

१० जून

स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं — मी लिहून देणार नाही! सायराबाई चहा गाळत होत्या. त्या कधी बोलतच नाहीत. कोणी रजेवर गेलं की त्याचे तास हसत हसत घेतात. दुकानात बोलावणं आलं की मुकाट्याने लिहून देतील. अशा बायकांच्या जिवावरच तर हे क्रियापद पोसलंय. कीव येते.

१३ जून

देऊळघाटहून जानराव आला. माझा धाकटा भाऊ. दोन दिवस रांगेत, हात हलवत परत. "भगवानराव म्हंते, तुह्या बहिनीले इचार. काऊन अडून बसली वं ताई?"

म्हटलं, दुसरं वाण पेर. दुकानं भरली आहेत.

"सारं गाव हेच लावून राह्यलं. मीच येकटा येडा हावो का?"

मेंढरं नुसती! एकाने उडी मारली की सगळ्यांनी मारायची.

१५ जून

पुन्हा जानराव, आज बायकोला, भिमाबाईला घेऊन. ती दारातच डोळ्याला पदर लावून उभी. अगं, कापसाचं बी आहे, कोणी मेलेलं नाही! म्हणे, "आई असत्या त त्याईनंच सांगतलं असतं, भावासाठी येवढं कर म्हनून." मेलेल्या माणसाला मध्ये आणायचं हे बरं जमतं यांना. जेवून गेले. मी मात्र जेवले नाही.

१७ जून

दिलं लिहून. दोन ओळी. संताप संताप झालाय, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

जानराव पाकिटं घेऊन गेला. खूश. लिंकिंगचं पाकीट त्यालाही घ्यावंच लागलं.

२० जून

सायराबाईंनी लिहून दिलं नाही!

भगवानरावांनी त्यांच्या मिस्टरांना, वकारभाईंना, एकही पाकीट दिलं नाही. ते बियाण्यासाठी जालन्याला गेलेत. नियमाने आता खुर्ची सायराबाईंची.

अभिनंदन करायला गेले. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही नाही म्हणाल या भरवशावर मी नाही म्हटलं होतं."