उभ्या जीपमधला प्रवासी

गोरेगाव (जि. हिंगोली), सोमवार, सायंकाळ.

आजही थांब्यावरच्या उभ्या जीपमध्ये जाऊन बसलो. मी बसलो होतो ती एक जीप रस्त्यात उलटली, त्या दिवसापासून जीपचे इंजिन सुरू झाले की घाम फुटतो, समोरची लोखंडी दांडी हातातून सुटत नाही. हिंगोलीच्या डॉक्टरबाईंकडे मी एसटीने नियमित जातो. त्यांचे सांगणे असे: आधी उभ्या गाडीत बसा, भीती ओसरेपर्यंत बसा.

सवाऱ्या भरल्या. चालक बब्या हसला, "गुर्जी, रोज बसता अन् रोज उतरता. जागा काहून अडवून राहिले?"

"बब्या, याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. मी त्यावर उपचार घेत आहे."

सर्वांना ऐकू जाईल असेच बोललो. लाज मी का बाळगावी? दांडी मात्र सुटेना.

मागची बाई हळूच म्हणाली, "शेतात बाजूलाच वीज पडली, तवापासून आमचे मालक झोपत न्हाईत. तो दवाखाना दाखवता का, गुर्जी?"

"दाखवतो. गुरुवारी निघू."

"एसटीनं?"

"नाही. याच जीपने."

एवढे बोलून दांडी सोडली आणि उतरलो. भीती अजून आहेच. असो बापडी! शब्द दिला आहे.