हात आडवा करायचा असतो

अब्बा, बर्लिनला शिकायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी एकाच्या घरी जेवायला गेलतो आणि उपाशी परत आलो. इथून सुरू करतो, कारण जे खरं सांगायचं आहे ते एकदम तोंडातून निघत नाही. वर्गातल्या एका जर्मन पोरानं सात-आठ जणांना घरी बोलवलेलं. माझ्या खोलीत तेव्हा गादीशिवाय काही नव्हतं. शहर एवढं अवाढव्य की भुयारी स्टेशनातून कुठल्या जिन्यानं वर आलं की कुठला रस्ता लागतो हे रोज नव्यानं चुकायचं. ब्रेड आणि केळ्यांवर दिवस चाललेले. म्हणून त्या दिवशी मी दुपारपासून काही खाल्लं नाही, लग्नाला जाताना माणसं पोट राखून ठेवतात तसं राखलं. त्यानं भांडं पुढं केलं, घेणार का म्हणून विचारलं. मी म्हणालो, नको, नको. आता पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस आपल्यात कोण आहे? मी वाट बघत बसलो, आता तो म्हणेल, घे की, लाजतोस काय. तो बरं म्हणाला आणि भांडं पुढच्याकडं गेलं. टेबलभर फिरलं, रिकामं झालं, आणि मी पाणी पीत सगळ्यांच्या विनोदांना हसत बसलो.

निघताना जिन्यात वर्गातली एक इराणची पोरगी बरोबर होती. तिनं तिथं दोन वर्षं काढलेली. म्हणाली, "तू काहीच खाल्लं नाहीस." मी म्हणालो, "भूक नव्हती." ती म्हणाली, "होती. आमच्यात पण असंच असतं. पण हे लोक एकदाच विचारतात. पहिल्यांदाच हो म्हणायचं." एवढं बोलून ती तिच्या ट्रामकडं गेली. ते सांगायला तिला चार पायऱ्या लागल्या, अब्बा. मी कठडा धरून तिथंच उभा राहिलो, कारण मला टांझानियाचा तो पोरगा आठवला, आपल्या कोल्हापूरच्या मेसमधला. त्याला मी असंच एक वाक्य सांगायला हवं होतं. चार पायऱ्यांचं.

तुम्हाला तो आठवत असणारच. विद्यापीठात शिकायला आलेला, उंच, फार हळू बोलणारा. हलाल मिळतं म्हणून कुणीतरी त्याला आपल्याकडं पाठवलेला. तुम्ही त्याला पहिल्या दिवसापासून पावणं म्हणायचात आणि त्याला वाटायचं, तुम्ही त्याचं असं नाव ठेवलंय. मी अकरावीला. बुधवार-रविवार, मटणाच्या दिवशी, वाढायला मीच. वाटी रिकामी दिसली की तांबडा रस्सा ओतायचा, पांढरा ओतायचा, न विचारता, हा आपल्या मेसचा नियम. ज्याला बास झालं त्यानं ताटावर हात आडवा धरायचा. धरला तरी एक पळी जास्तीची पडायचीच, त्याला आपण प्रेम म्हणतो. वाढायला लागलो त्या दिवशी तुम्ही मला एकदाच झापलं होतं, तेही एका म्हाताऱ्या कंडक्टरचा चेहरा न बघता मी भात टाकत सुटलो म्हणून. "वाढणाऱ्यानं ताट न्हाय बघायचं. तोंड बघायचं. तोंड सांगतंय की पोट भरलंय का न्हाय."

मी त्या पोराचं तोंड बघत होतो, अब्बा. तेच तर सांगायचंय. मला दिसत होतं.

त्याला हात आडवा धरायचा असतो हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ताटात टाकायचं नाही, हे त्याला घरातून शिकवलेलं. तो संपवायचा, मी ओतायचो. तो परत संपवायचा. शेजारच्या टेबलावर इचलकरंजीची दोन पोरं बसायची, पॉलिटेक्निकची, त्यांना तमाशा सापडला. "आज पावणं पातेल्यात उतरतंय बघ." "अरं वाढ की, लाजतंय ते." आणि मला कॉलेजात कोण विचारत नव्हतं, इथं दोन मोठी पोरं माझ्यामुळं हसत होती. त्या रविवारी, मार्च-एप्रिल असेल, पंखा गरम हवा फिरवत होता, त्या पोराच्या कपाळावरनं घाम भुवयांत उतरत होता. तो माझ्याकडं वाकला आणि इंग्रजीत, अगदी हळू, विचारलं, "हे थांबवायचं कसं?" आणि मी, तोंड सरळ ठेवून, त्याला सांगितलं, "ताट पूर्ण साफ केलंस की आम्ही थांबतो." त्यानं मान हलवली. थँक्यू म्हणाला. भाकरी मोडून त्यानं वाटी पुसून घेतली, आणि मी परत भरली.

संध्याकाळी त्याला दवाखान्यात सलाईन लावलेलं. तुम्ही पेज करून डबा घेऊन निघालात, मला गाडीवर मागं बसवलं, कारण तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. तो उठून बसायला बघत होता, तुम्ही खांद्याला धरून झोपवलंत. मग तो माझ्याकडं बघून म्हणाला, "अंकलना सांग, मला माफ करा. शेवटची वाटी मला संपवता आली नाही."

तुम्ही विचारलंत, "काय म्हणतंय रं?"

मी म्हणालो, "रस्सा बाधला म्हणतोय."

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, उन्हाचं असेल, तिखटाची सवय न्हाय बिचाऱ्याला, आणि विषय संपेल. पण तुम्ही डबा तिथंच ठेवून उठलात. आलात ते थेट मेसमध्ये, उरलेला रस्सा सगळा मोरीत ओतलात, पातेलं स्वतः घासलंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांच्या दुकानात गेलात. मी सायकल घेऊन मागं. चाचांच्या मटणाच्या दुकानात तुम्ही वीस वर्षं जात होता, मटण तोलायच्या आधी चहा यायचा. तुम्ही चहा घेतला नाहीत. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "माल शिळा घातलास. परक्या मुलखातलं पोरगं सलाईनवर हाय माझ्या हातचं खाऊन." चाचा म्हणाले, "अल्लाची शपथ, सकाळचं कापलेलं होतं." तुम्ही म्हणालात, "शपथ नको घालूस. पोरगं स्वतः बोललंय. इचार ह्याला." आणि मला पुढं केलंत.

मी मान डोलावली.

त्यानंतर मटण दुसरीकडनं यायला लागलं. तुम्ही त्या गल्लीनं जायचं सोडलंत. तो पोरगा बरा होऊन आला, दोन महिने गप्प जेवला, मग कुठं गेला मला माहीत नाही. मी त्याला नंतरही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. जनाज्याला चाचा आले होते, खांदा द्यायला पुढं सरकले आणि आपल्या थोरल्या काकांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते मागं झाले, सगळ्यांच्या मागून चालत आले. मी पुढं होतो. मला मागं वळून दिसत होते ते.

बर्लिनच्या जिन्यात मी ठरवलं होतं, सुट्टीला कोल्हापूरला गेलो की आधी दुकानात जायचं. ठरवायला माणसाचं काय जातं? येऊन नववा दिवस आहे. काल गेलो. चाचा थकलेत, आता पोरगा कापतो आणि ते गल्ल्यावर बसतात. मला ओळखायला थोडा वेळ लागला, मग एकदम उठून उभे राहिले. "तू व्हय. जर्मनीला असतोस म्हणं. चहा सांगू?" मी नको म्हणालो आणि त्यांनी सांगितलाच. चहा येईपर्यंत ते ठोकळ्यावरची माशी हाकत बसले, आणि मी पहिलं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात तेच बोलले. "एक सांगतो बाळा. तेव्हा मी शपथ घातलती तुझ्या अब्बासमोर. पण उन्हाळा होता. एवढी वर्षं इचार करतोय. ह्या माझ्या पोरानं आदल्या दिवशीचं मिसळलं असंल, मला न सांगता. असंल. तुझे अब्बा उगाच बोलणारा माणूस न्हवता." त्यांचा पोरगा आत पाठमोरा कापत होता. त्याचा हात थांबला, मग परत सुरू झाला. त्यानं हे घरात किती वेळा ऐकलंय ते मला त्या पाठीवरनं कळलं.

आणि मी काय म्हणालो, अब्बा? मी म्हणालो, "जाऊ द्या चाचा. झालं गेलं." चाचांनी डोळे पुसले, माझा हात दोन्ही हातांत धरला. मी त्यांना माफ करून आलोय.

हे लिहून कब्रस्तानात आणायचं, तुमच्याजवळ बसून वाचायचं, असं डोक्यात होतं. आज दुपारी निघालोही होतो, चप्पल घातली होती. पण ते सोपं आहे म्हणून निघालो होतो. तुम्ही ऐकून काही बोलणार नाही. हे ज्याला वाचून दाखवायचं तो माणूस इथनं पायी दहा मिनिटांवर गल्ल्यावर बसलाय, आणि परवा माझं विमान आहे. उद्याचा दिवस आहे अजून. पण मला माझं माहीत आहे. मी उद्या बॅग भरत बसेन.